अनेक पीडीएफ, एकच फाइल

प्रश्न : कर्जप्रकरणासाठी बँकेने सातबारा, फेरफार आणि करपावत्या एकाच पीडीएफमध्ये मागितल्या आहेत. त्या सुरक्षितपणे कशा जोडाव्यात?

उत्तर : जमिनीची कागदपत्रे अनोळखी संकेतस्थळावर चढवू नयेत, आपल्याच संगणकावर जोडावीत, असा माझा आग्रह आहे. विंडोजवर ‘पीडीएफसॅम बेसिक’ या मोफत प्रोग्राममध्ये ‘मर्ज’ निवडून फायली हव्या त्या क्रमाने लावाव्यात आणि ‘रन’ दाबावे. मॅकवर ‘प्रिव्ह्यू’मध्ये एका फाइलच्या लघुचित्रांच्या पट्टीत दुसरी ओढून टाकली तरी काम भागते. मात्र ऑनलाइन काढलेल्या सातबाऱ्यावरची डिजिटल स्वाक्षरी अशा जोडणीनंतर संगणकाला पडताळता येत नाही, म्हणून मूळ फाइल जशीच्या तशी जपून ठेवावी आणि बँकेला जोडलेल्या फाइलसोबत तीही स्वतंत्रपणे पाठवावी.