गणित सोडलेल्या मुलीला जेनेटिक्स झेपेल का?

नागपुरातल्या नंदनवनच्या एका आईचं पत्र आलंय. मुलगी बारावीला, पीसीबी ग्रुप, गणित दहावीनंतर सोडलं, नीटचा क्लास लावलाय पण मन लागून नाही राहिलं. रात्री मोबाईलवर डीएनएचे व्हिडिओ पाहते अन् म्हणते मला जेनेटिक्सच करायचं. वडिलांचं म्हणणं, हे शिकून नोकरी कुठं लागते? आणि आईचा प्रश्न साधा आहे, बेसिक कुठून सुरू करायचं आणि ही आवड खरी की नीटपासून पळवाट?

ताई, नमस्कार. पळवाट असू शकते, नसूही शकते, ते मी इथून नाही सांगू शकत. पण तपासायची सोपी रीत आहे, तिला व्हिडिओ बंद करून वही-पेन घ्यायला लावा. कारण व्हिडिओत ती फिरणारी रंगीत शिडी सगळ्यांनाच आवडते हो, आणि जेनेटिक्स शिकायला बसलं की पहिले हातात येतो तो हिशोब. मेंडेल नावाच्या पाद्र्याने वाटाण्याची हजारो झाडं लावून मोजत बसून 1866 मध्ये पेपर छापला तेव्हा डीएनए कसा दिसतो हे कोणालाच माहीत नव्हतं (ती रचना कळली 1953 ला), नुसत्या मोजणीवर त्याने नियम काढले.

आपल्या विदर्भात तर शिकायला उदाहरण घरातच आहे, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. एएस पॅटर्न, एसएस पॅटर्न हे शब्द तुम्हीपण ऐकलेच असतील. तर तिला विचारा, आई एएस आणि बाबाही एएस, म्हणजे दोघंही वाहक, तर मुलाला एसएस, म्हणजे प्रत्यक्ष आजार, व्हायची शक्यता किती? चार चौकोन काढले की उत्तर येतं, 25 टक्के, हे बारावीची कोणतीही पोरगी सांगेल. आता पुढचं विचारा, पहिलं मूल एसएस झालं तर आता पुढची तीन चांगली होतील ना? असं मानणारे शिकलेले लोकही मी पाहिलेत, आणि ते साफ चूक आहे, दरवेळी पुन्हा तेच 25 टक्के, पहिल्या मुलाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. मग तिसरा प्रश्न, दोन मुलं झाली तर निदान एक तरी एसएस असायची शक्यता किती? उत्तर 16 पैकी 7, म्हणजे जवळपास 44 टक्के. हे तिने स्वतः काढलं, चुकली, खोडलं, परत काढलं आणि तरी मजा आली तर आवड खरी समजा. कंटाळून मोबाईल उचलला तर तेही कळलंच.

त्याच्या पुढचं पाऊल पण सिकलसेलवरच करा. अकराव्या गुणसूत्रावर हिमोग्लोबिनचा एक जीन आहे, त्यात एका जागी जीएजी ही तीन अक्षरं असतात, सिकलसेलमध्ये मधल्या ए च्या जागी टी येतो, जीटीजी होतं, बस एवढंच. त्यामुळे साखळीतलं सहावं अमिनो ॲसिड बदलतं, ग्लुटामिक ॲसिडच्या जागी व्हॅलिन येतं, आणि ऑक्सिजन कमी पडला की हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. माणसाच्या डीएनएत अशी 300 कोटींच्या आसपास अक्षरं आहेत आणि एका अक्षराने एवढं होतं! हा जीन एनसीबीआय या अमेरिकन सरकारी संस्थेच्या साईटवर फुकट पाहायला मिळतो, एचबीबी हे त्याचं नाव टाकून शोधायचं. बारावीच्या पुस्तकातले आनुवंशिकतेचे धडे आणि हे एवढं धरून बसली तरी दोन महिने पुरतील, कोणताही पैशाचा ऑनलाइन कोर्स आत्ता घेऊ नका.

जमलं तर कॉलेजच्या मॅडमना विचारून कांद्याच्या मुळाची स्लाइड करायला लावा. ग्लासभर पाण्यावर कांदा ठेवला की थोड्या दिवसांत मुळं फुटतात, टोक कापून ॲसिटोकार्मिनने रंगवायचं, काचेखाली दाबायचं. कांद्यात 16 गुणसूत्रं असतात, ती मोजता आली की पोरगी तासभर मायक्रोस्कोप सोडत नाही.

आता गणिताचं. सोडलं म्हणजे दार बंद झालं असं नाही, बी.एस्सी. ला पीसीबीवर प्रवेश मिळतो. पण आयसरला (केंद्र सरकारच्या विज्ञान संस्था) जायचं मनात असेल तर त्यांच्या आयएटी प्रवेश परीक्षेत बायो, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणित चारहींचे 15-15 प्रश्न असतात. पुढे एम.एस्सी. साठी आयआयटी जॅम या प्रवेश परीक्षेच्या बायोटेकच्या पेपरातही बारावीचं गणित येतं. म्हणून शक्यता आणि स्टॅटिस्टिक्स एवढं तरी तिने आतापासून उघडावं, केमिस्ट्री तर सोडूच नये.

वडिलांच्या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं तर नुसत्या बी.एस्सी. बायोटेकवर चांगली नोकरी मिळणं अवघड आहे, ब्रोशरमध्ये काहीही छापलेलं असो. एम.एस्सी. पर्यंत धरूनच चाला, रिसर्च हवा असेल तर पीएच.डी. सुद्धा. त्यामुळे भारी फीचं, नावात जेनेटिक्स असलेलं कॉलेज पाहण्यापेक्षा जिथं लॅब रोज उघडते आणि पोरं स्वतः प्रॅक्टिकल करतात ते साधं झूलॉजी-बॉटनी-केमिस्ट्रीवालं कॉलेज मला बरं वाटतं. कामाच्या जागा म्हणाल तर हॉस्पिटलच्या लॅब, जेनेटिक कौन्सेलिंग, डीएनए तपासणारी फॉरेन्सिक लॅब (तिथं सरकारी भरतीची वाट पाहावी लागते), आणि बियाण्याचं क्षेत्र, ज्याचा आपल्याकडे कोणी विचारच करत नाही. अहो वर्धा रोडवर देशाची कापूस संशोधन संस्था आहे! देशी कापसात 26 गुणसूत्रं, अमेरिकन कापसात 52, बीटी कापसाला (बोंडअळीला मारणारा जीन घातलेला कापूस) परवानगी मिळाली 2002 ला, हा सगळा जेनेटिक्सचाच धंदा. त्यासाठी बी.एस्सी. ॲग्रीचा रस्ता आहे, पीसीबीवर सीईटी देता येते, आणि नागपुरातच कृषी महाविद्यालय आहे.

नीटचा फॉर्म भरला असेल तर पेपर देऊ द्या, बायो-केमिस्ट्रीचा अभ्यास वाया जात नाही, पण त्यासोबत सीईटी आणि आयएटीचे फॉर्म निघाले की तेही भरा. आणि वरचे तीन प्रश्न तिने कसे सोडवले ते वहीच्या पानाचा फोटो काढून मला पाठवा, खाडाखोड असली तरी चालेल.