गाडीवाल्यांचे प्रश्न : फरशीवरचा डाग

प्रश्न : काका, माझी मारुती 800 आहे, 2003 ची. वडिलांनी घेतलेली, त्यामुळे विकवत नाही. रोज सकाळी पार्किंगच्या फरशीवर रुपयाएवढा तेलकट डाग दिसतो. मागच्या दिवाळीत गिअरबॉक्सचं ऑइल सील बदललं, तर चार महिन्यांत डाग पुन्हा हजर. आता गॅरेजवाला म्हणतो, गिअरबॉक्स खोलावा लागेल. 2021 च्या पुरात गाडी दारापर्यंत बुडाली होती, पण इंजिनाचं काम तेव्हाच करून घेतलंय. खोलू का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : थांबा जरा. पुराचं तुम्ही सगळ्यात शेवटी लिहिलंत, मी तिथूनच सुरू करतो. इंजिनाचं काम केलंत, गिअरबॉक्सचं ऑइल तेव्हा बदललं होतं का? गिअरबॉक्सच्या डोक्यावर हवा ये-जा करायला एक छोटा ब्रीदर असतो. गाडी बुडली की त्यातून पाणी आणि गाळ आत शिरतो. त्या जुलैत कुंभार्ली घाट चढून, दोराला बांधून माझ्याकडे कराडला गाड्या आल्या होत्या. ड्रेन बोल्ट काढला की तेलाऐवजी दुधाळ चहा पडायचा. मालकांचं लक्ष मात्र सीट कव्हर वाळतंय की नाही याकडे!

तो गाळ ब्रीदरमध्ये वाळून बसला की बूच लागतं. घाटात गिअरबॉक्स तापतो, आतली हवा फुगते, तिला वाट सापडत नाही, मग ती सीलच्या, म्हणजे शाफ्टभोवती तेल अडवणाऱ्या रबरी कडीच्या, ओठाखालून तेल बाहेर ढकलते. अशा वेळी सील कितीही नवं घाला, गळणारच. म्हणून आधी ब्रीदर. नळी काढून फुंकून बघा. एका गाडीचा मी सायकलच्या स्पोकने मोकळा केला होता, बाकी काही न करता गळती थांबली.

तरी गळत असेल तर नेमकं कुठून, ते शोधा. रात्री गाडीखाली खोक्याचा पुठ्ठा सरकवा, पुढच्या चाकांच्या जागी पेनाने खुणा करा. सकाळी डागात बोट बुडवून वास घ्या. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो, इंजिन ऑइलला तो नसतो. डाग चाकं फिरवणारा शाफ्ट जिथे गिअरबॉक्समध्ये शिरतो त्याच्या खाली असेल तर काम बाहेरून होतं. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडाखाली असेल तर तुमच्या मेकॅनिकचं निम्मं खरं, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. पण उतरवणं वेगळं आणि खोलणं वेगळं. बिल करताना हा फरक लक्षात ठेवा.

शाफ्टचं सील शे-दोनशेचं. शाफ्ट बाहेर काढल्यावर सील जिथे घासतं तिथे नखाने आडवं ओढा. नख अडकलं म्हणजे जुन्या सीलने खाच पाडलीय. नवं सील त्याच खाचेवर बसवलं की चार महिन्यांनी तुमच्यासारखं पत्र येतं. जागा असेल तर सील एखादा मिलीमीटर बाहेर ठेवून बसवायचं, म्हणजे ओठ कोऱ्या धातूवर येतो. शाफ्ट काढण्याआधी तो वर-खाली हलवूनही बघा. मी एका मास्तरांच्या झेनला तीनदा सील घातलं, तिसऱ्यांदा लक्षात आलं की बेअरिंगच ढिलं होतं. मास्तर काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले. ते जास्त लागलं.

तेल काढताना एकच: आधी भरायचा बोल्ट सुटतो का ते बघा, मगच ड्रेनला पाना लावा. वरचा गंजून बसला असेल आणि खालचा उघडून बसलात, तर गाडी जागची हलणार नाही. भरताना गाडी सपाट जागी हवी. लेव्हलच्या भोकातून तेल ओघळू लागलं की थांबायचं. ऑइल जीएल-4 दर्जाचं मागा. ‘जीएल-5 त्याहून भारी’ म्हणून कुणी गळ्यात मारेल, पण त्यातली रसायनं गिअर अलगद पाडणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगांना मानवत नाहीत.

प्रश्न : माझी गाडी ऑटोमॅटिक आहे. खाली लाल तेल पडतं. गळती थांबवणारी बाटली ओतू का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : ती बाटली जुनं रबर फुगवते, दिवस ढकलले जातात एवढंच. आधी रेडिएटरचं झाकण उघडा, इंजिन पूर्ण थंड असताना. आत गुलाबी मिल्कशेकसारखं काही दिसलं तर रेडिएटरमधला, गिअरबॉक्सचं तेल थंड करणारा ऑइल कूलर फुटलाय. गाडी चालवू नका, टो करून न्या. कूलंट स्वच्छ असेल तर कूलरच्या नळ्यांचे जोड आणि खालच्या पॅनचं गॅस्केट बघायला सांगा. तेल मात्र मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच घाला, ‘लाल ते सगळं सारखं’ म्हणणाऱ्याकडून नको.