आल्पाइन डेझी ओळखायची तर आधी फूल मागून बघा

तुम्ही नाव विचारलेल्या आल्पाइन (उंच डोंगरावरच्या) डेझीचा फोटो मस्त आलाय, पण फक्त वरून काढलाय ना, त्यावरून नाव सांगणं अवघड आहे. डेझीच्या कुळात आपण ज्याला एक फूल म्हणतो तो खरं तर बारीक फुलांचा गुच्छ असतो, कडेची प्रत्येक 'पाकळी' म्हणजे एक अख्खं फूल आणि मधल्या चकतीतला एकेक ठिपकाही फूलच. याच कुळातल्या एडलवाइस या पांढऱ्या डोंगरी फुलाची तर गंमतच, तो पांढरा तारा म्हणजे लोकरीसारखी लव असलेली पानं, खरी फुलं मधल्या गोळ्यांत.

तर पुढच्या वेळी फूल न तोडता हळूच वाकवा, मागच्या हिरव्या सहपत्रांचा (फुलाला खालून वेढणाऱ्या छोट्या पानांचा) फोटो घ्या, खोडाचा आणि बुडाच्या पानांचाही घ्या. पिवळं मोठं फूल असेल तर खोडावरची पानं बघा, समोरासमोर जोडीने असतील तर अर्निका असू शकतं, एकाआड एक असतील तर डोरोनिकमकडे वळा.

जांभळ्यांत अ‍ॅस्टर की एरिजेरॉन हा कायमचा घोळ, मी स्वतः दोन सीझन चुकीची लेबलं लावत होतो 😅 साधारण एरिजेरॉनच्या 'पाकळ्या' दोऱ्यासारख्या अरुंद आणि भरपूर, अ‍ॅस्टरच्या जरा रुंद. सहपत्रं सारख्या लांबीची म्हणजे एरिजेरॉनच असं काही जण सांगतील पण अ‍ॅस्टर अल्पायनस या अ‍ॅस्टरच्या प्रजातीचीही बऱ्यापैकी सारखीच असतात, तिथेच मी फसलो.

आणि नुसत्या रंगावर अजिबात जाऊ नका. प्रजातीपर्यंत नाही पोचलं तर नुसतं जीनस (नावाचा पहिला भाग, जसं अ‍ॅस्टर) लिहून ठेवा, चालतं.