आफ्रिकेच्या खेड्यांत मिशनऱ्यांनी खरंच सेवा केली की नुसतं धर्मांतर? आणि तिथल्या लोकांनी नवा धर्म इतक्या सहज कसा स्वीकारला?

सहज वगैरे काही झालं नाही. अख्ख्या आफ्रिकेबद्दल एका उत्तरात बोलणं म्हणजे नुसत्या थापा होतील. पण मी मूळचा नाशिकचा, आणि नोकरीनिमित्त काही वर्षं केनियाच्या किनाऱ्यावर राहिलेला. त्यामुळे एका जागेबद्दल जरा खोलात सांगतो. ती जागा म्हणजे मोम्बासाजवळचं रबाई. नाशिकचा तिच्याशी काय संबंध, ते पुढे येईल.

योहान लुडविग क्राफ हा जर्मन माणूस, पण काम करायचा इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटीसाठी. इथिओपियात डाळ शिजली नाही म्हणून १८४४ मध्ये बायकोला घेऊन मोम्बासाला आला. काही महिन्यांतच बायको रोझीन आणि नुकतीच जन्मलेली मुलगी, दोघीही तापाने गेल्या. तरी हा हटला नाही. १८४६ मध्ये योहानेस रेबमान हा दुसरा जर्मन त्याला येऊन मिळाला आणि दोघांनी बंदरापासून थोडं आत, डोंगरावरच्या रबाईत बिऱ्हाड केलं.

रबाईतले लोक मिजिकेंडा, म्हणजे किनाऱ्यालगतच्या जमातींच्या एका गटातले. त्यांची 'काया' म्हणजे रानातली जुनी, तटबंदीची वस्ती. ते रान आजही पवित्र मानतात. गावचा कारभार वडीलधाऱ्यांच्या हाती, पाऊस पडावा म्हणून पूजा ठरलेल्या, पूर्वजांचं देणं ठरलेलं. त्या म्हाताऱ्यांनी दोघा गोऱ्यांना राहायला जागा दिली, त्यांचं बोलणं ऐकून घेतलं, आणि आपापल्या कामाला लागले. क्राफचा पहिला ख्रिस्ती म्हणजे म्रिंगे नावाचा एक अपंग, मरणाच्या दारात असलेला माणूस. क्राफ १८५३ मध्ये तब्येत ढासळून परत गेला. रेबमान मात्र १८७५ पर्यंत राहिला, एकोणतीस वर्षं, मध्ये एकदाही युरोपला न जाता. शेवटी डोळे गेले. तोवर त्याचे ख्रिस्ती झाले होते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

एक गंमत सांगायची राहिली. १८४८ मध्ये याच रेबमानने किलिमांजारोवरचं बर्फ पाहिलं आणि तसं कळवलं. विषुववृत्ताजवळ बर्फ कसं असेल, म्हणून लंडनच्या भूगोलपंडितांनी त्याला वेड्यात काढलं. बिचाऱ्यावर ना गावकऱ्यांनी विश्वास ठेवला, ना साहेबांनी.

तर त्या पहिल्या तीसेक वर्षांत सेवा किती झाली? प्रामाणिकपणे सांगायचं तर फारशी नाही. दवाखाना नाही, चार मुलं टिकतील अशी शाळा नाही. क्राफने स्वाहिलीचं व्याकरण लिहिलं, शब्दकोश रचला, ते काम मोठं. पण रबाईतल्या शेतकऱ्याच्या पदरात त्यातलं काय पडलं? आमिषाचा आरोप करायला आधी हातात आमिष तरी हवं.

आता नाशिक. त्या काळात झांझिबारच्या बाजूने गुलामांनी भरलेली गलबतं अरबस्तानाकडे जायची. इंग्रजांचं आरमार ती पकडायचं आणि सुटलेल्या माणसांना, त्यात लहान मुलं पुष्कळ, मुंबईला आणून उतरवायचं. परत पाठवलं तर पुन्हा विकली जायची भीती. अशा मुलांसाठी याच सोसायटीने नाशिकजवळच्या शरणपुरात आश्रम आणि शाळा चालवली. हो, तेच शरणपूर. आपण शरणपूर रोडवर रोज ट्रॅफिकमध्ये अडकतो, पण तिथे एकेकाळी याओ आणि आफ्रिकेतल्या इतर जमातींची पोरं सुतारकाम, लोहारकाम आणि बायबल शिकत होती, हे मला तरी नाशिकमध्ये कुणी सांगितलं नव्हतं. मोम्बासाला गेल्यावर कळलं. रबाईच्या जुन्या चर्चमध्ये आता छोटं संग्रहालय आहे. तिथे मी कुठला ते सांगितलं, तर माहिती देणारा माणूस एकदम खुलला. 'नासिक' हे नाव तिथे जुन्या ख्रिस्ती घराण्यांच्या बोलण्यात अजून येतं.

१८६४ मध्ये विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर आणि जॉर्ज डेव्हिड हे शरणपुरात तयार झालेले आफ्रिकी तरुण रेबमानच्या मदतीला आले. नावं इंग्रजी, कारण मूळ नावं मिशनने पुसून टाकलेली. याबद्दल मिशनरींना माफ करावं असं मला वाटत नाही.

शरणपूरचीच काही मुलं डेव्हिड लिव्हिंग्स्टन या स्कॉटिश मिशनरी-संशोधकाच्या शेवटच्या आफ्रिका मोहिमेत होती. पहिल्या तुकडीबद्दल त्याने रोजनिशीत बरीच कुरकुर केली आहे, आळशी आहेत वगैरे. १ मे १८७३ च्या सुमारास आजच्या झांबियातल्या चितांबो गावात तो वारला, तेव्हा जवळ एकही गोरा नव्हता. चुमा आणि सुसी होते. चुमाचा बाप्तिस्मा मुंबईत झालेला, सुसीने मुंबईच्या गोदीत काम केलेलं. शिवाय शरणपूरचा जेकब वेनराइट होता. त्यांनी काळीज काढून झाडाखाली पुरलं, वेनराइटने प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर नाव कोरलं. मग देह उन्हात वाळवला, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळला, वरून शिडाचं कापड शिवलं, बांबूसारखा दांडा घातला आणि तो खांद्यावर घेऊन निघाले समुद्राकडे. वाटेत एका इंग्रज अधिकाऱ्याने सुचवलं की इथेच पुरून टाका. यांनी ऐकलं नाही. फेब्रुवारी १८७४ मध्ये बागामोयोच्या किनाऱ्यावर पोचले, तोवर त्यांच्यातले काही वाटेतच मेले होते. वेस्टमिन्स्टर अॅबेमध्ये ज्यांनी ती शवपेटी नेली, त्यांत वेनराइट होता.

ही कथा सगळीकडे लिव्हिंग्स्टनच्या नावाने सांगतात. पण खेड्यापाड्यांत मिशनचं काम पुढे सरकलं ते जोन्ससारख्यांमुळे, आणि तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे आहे.

झांझिबारचा गुलामबाजार १८७३ मध्ये बंद झाला. तो करार घडवायला गेला होता सर बार्टल फ्रिअर, मुंबईचा माजी गव्हर्नर, ज्याच्या काळात फोर्टची तटबंदी पाडली तोच. त्याच्या नावाने १८७५ मध्ये मोम्बासाच्या समोर फ्रिअरटाउन वसलं, सुटलेल्या गुलामांसाठी. वसवणारा विल्यम सॉल्टर प्राइस, जो आधी शरणपूर सांभाळत होता. शरणपूरची बरीच माणसं तिकडे गेली. हल्ल्याची वर्दी द्यायला टांगलेली घंटा अजून आहे, आता तिच्याभोवती मटाटूवाले (तिकडच्या मिनीबसवाले) गिऱ्हाइकांसाठी ओरडत असतात.

फ्रिअरटाउनचं सगळं गोड नव्हतं. गुलामीतून सुटलेल्या माणसांना तिथल्या गोऱ्या व्यवस्थापकाने फटके मारले, डांबून ठेवलं. इतकी बोंब झाली की चौकशी लागली आणि प्राइसला परत यावं लागलं. वसाहतीत राहायचं तर घंटा झाली की प्रार्थनेला हजर. तिथल्या माणसाचा धर्म त्याने स्वतः निवडला, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

रबाईत जोन्सच्या हाताखाली वेगळं घडत होतं. मोम्बासा-मालिंदीच्या बागायतींतून पळालेले गुलाम (तिकडे त्यांना 'वाटोरो' म्हणत) रबाईत येऊ लागले. सोसायटीचा हुकूम स्पष्ट होता: पळालेल्यांना आश्रय द्यायचा नाही, मालकांशी भांडण नको. कागदावर हुकूम, आणि जमिनीवर रोज नवी झोपडी. लहानपणी स्वतः विकला गेलेला माणूस पळून आलेल्याला काय म्हणणार, परत जा?

मधेच १८८५ मध्ये जोन्सला बिशप हॅनिंग्टनबरोबर युगांडाला जावं लागलं. मसाई मुलखातून, दोनशेच्या वर हमाल. शेवटच्या टप्प्यात बिशप पन्नास माणसं घेऊन पुढे गेला, बाकीच्यांना जोन्सजवळ ठेवून. बुगांडाच्या राजा म्वांगाच्या हुकमाने बुसोगात बिशपला मारलं, त्याच्या माणसांतले जेमतेम काही निसटले. जोन्सने वाट पाहिली, खात्री करून घेतली आणि उरलेली माणसं सांभाळत शेकडो मैल परत आणली. फेब्रुवारी १८८६ मध्ये तांडा रबाईत शिरला तेव्हा पुढे निळं निशाण होतं, त्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द: इखाबोद. बायबलमधल्या शमुवेलाच्या पुस्तकातला. वैभव गेलं, असा अर्थ. बायबल ज्याच्या रक्तात भिनलंय त्यालाच त्या घडीला हा शब्द सुचेल.

१८८८ मध्ये मालकांनी रबाईवर चालून जायची भाषा सुरू केली. मोजदाद झाली तेव्हा चौदाशेच्या वर पळालेले गुलाम सापडले. शेवटी किनाऱ्याचा कारभार नुकताच हाती घेतलेल्या ब्रिटिश व्यापारी कंपनीचा मॅकेन्झी मध्ये पडला, मालकांना भरपाई दिली, आणि १ जानेवारी १८८९ ला रबाईत त्या लोकांना मुक्ततेची पत्रं वाटली. कंपनीने हे दयेपोटी केलं असं समजू नका, तिला किनाऱ्यावर शांतता हवी होती.

आता हे लोक ख्रिस्ती झाले, त्याला काय म्हणायचं? सेवा, आमिष की श्रद्धा? जमीन, संरक्षण आणि 'तू कुणाच्या मालकीचा नाहीस' असं सांगणारं पुस्तक, हे तिन्ही त्यांना एकाच दारातून मिळालं. मला त्यात फोड करता येत नाही आणि जे करतात त्यांच्यावर माझा विश्वास नाही. आणि मिशनरी काही लपवत नव्हते. धर्म सांगायलाच आलोय, असं ते पहिल्या दिवसापासून म्हणत.

अबे न्गोआ हे आणखी एक नाव. रेबमानच्या त्या मूठभर शिष्यांतला हा गिरियामा (मिजिकेंडांपैकीच एक जमात) माणूस. पुढे फुलाडोयो नावाच्या ठिकाणी त्याच्या पुढाकाराने स्वतंत्र ख्रिस्ती वस्ती उभी राहिली, कुणी गोरा मिशनरी नसताना, आणि तिथेही पळालेल्यांना थारा मिळाला. धर्म सांगणारा माणूस गावातला, भाषा गावातली, आणि अंगावर धोका घेणाराही गावातलाच, तेव्हा लोक ऐकू लागले.

दुसरी बाजूही तितकीच खरी. अनेक बायका असलेल्या माणसाला बाप्तिस्मा द्यायचा नाही, असं १८८८ च्या लॅम्बेथ परिषदेने, म्हणजे अँग्लिकन बिशपांच्या जागतिक बैठकीने ठरवलं. म्हणजे ख्रिस्ती व्हायचं असेल तर एक सोडून बाकीच्यांना घराबाहेर काढ. त्या बायकांनी जायचं कुठे, याची फिकीर मिशनने केली नाही. १९२९ मध्ये मध्य केनियातल्या किकुयू लोकांच्या प्रदेशात मिशनने मुलींची सुंता सोडण्याची शपथ घ्यायला लावली. प्रथा वाईटच, पण हुकूम गोऱ्यांचा. हजारो लोक बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःच्या शाळा, स्वतःची चर्चं काढली. वाचायला मिशननेच शिकवलेलं. बायबल उघडून विचारू लागले, अब्राहामाला किती बायका होत्या? केनियाचा पुढचा पहिला राष्ट्राध्यक्ष जोमो केन्याटाही मिशन शाळेतच शिकलेला, बाप्तिस्मा झालेला.

दवाखाने, परिचारिकांचं शिक्षण, किकुयू आणि तुमुतुमूची रुग्णालयं हे सगळं विसाव्या शतकातलं. ती सेवा खरी आहे, अजून चालू आहे, आणि त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

आजचं म्हणाल तर २०१९ च्या जनगणनेत केनियात ८५ टक्क्यांवर लोक ख्रिस्ती आहेत. पाळक तिथलेच, बिशप तिथलेच. युरोप-अमेरिकेतून दोन आठवड्यांसाठी येऊन शाळेच्या भिंती रंगवून जाणारे तरुण मी बरेच पाहिले. गावचे लोक त्यांना चहा देतात, फोटो काढू देतात. रंगारी गावातही असतो आणि त्याला कामाची गरजही असते, पण हे पाहुण्यांना सांगायचं कुणी?