राणीचं तोंड कुठल्या बाजूला आहे, ते आधी बघा

ताई, पणजोबांना सोलापूरच्या जुन्या गिरणीतल्या साहेबानं जाताना दिलेला साखरेचा चिमटा, चहापत्तीचा आखूड दांड्याचा चमचा आणि गाळणी कुणी घडवली, किती जुनी, असं तुम्ही विचारलंय. सराफ म्हणतोय, ‘मोडीत द्या.’ कृपा करून देऊ नका. निदान त्यांवरचे ठसे, म्हणजे चांदीचा कस, गाव आणि साल सांगणाऱ्या बारीक खुणा, वाचून होईपर्यंत तरी थांबा.

चमच्यावर जी यू ही अक्षरं, चालता सिंह, नांगर, एक इंग्रजी अक्षर आणि डावीकडे तोंड केलेलं मुंडकं आहे, असं तुम्ही लिहिलंय. सिंह म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी. नांगर बर्मिंगहॅमचा, तिथली चांदी तपासणारी कचेरी १७७३ साली सुरू झाली. (लंडनचा बिबट्या, शेफील्डचा त्या काळी मुकुट.) मुंडकं म्हणजे सरकारी कर भरल्याची खूण. ती १७८४ ते १८९० एवढ्याच काळात उठवली जायची. सुरुवातीची दोनेक वर्षं सोडली तर जॉर्ज आणि विल्यम राजे उजवीकडे बघतात, व्हिक्टोरिया डावीकडे. ती १८३७ साली गादीवर आली. म्हणजे तुमचा चमचा तिच्या कारकिर्दीतला, १८९० च्या आतला. आपली जुनी गिरणी १८७७ ची आणि चमचा त्याआधीचाही असू शकतो, त्यामुळे साहेबानं तो विलायतेतून घरचाच आणला असेल, हेही शक्य आहे.

नेमकं साल त्या एका अक्षरात आहे. दर वर्षी अक्षर बदलायचं, पण अक्षरमाला संपली की पुन्हा ‘ए’पासून सुरू व्हायची, म्हणून नुसतं अक्षर सांगून भागत नाही. वळण कसं आहे आणि भोवतीची चौकट कशी आहे, यावरून साल ठरतं. जी यू आणि नांगर एकत्र आले की जॉर्ज युनाइट हे नाव समोर येतं. बर्मिंगहॅमच्या या कारखानदाराचे चहापत्तीचे चमचे नावाजलेले आहेत. मात्र हा ठसा कचेरीत नाव नोंदवणाऱ्याचा असतो, प्रत्यक्ष हातोडी चालवणाऱ्याचा असेलच असं नाही.

चिमट्याचे ठसे आतल्या अंगाला, दोन्ही पायांवर वाटून असतात. जागा अपुरी म्हणून जुन्या चिमट्यांवर गावाचा ठसा बऱ्याचदा नसतोच. तेवढ्यावरून तो खोटा ठरवू नका.

गाळणीवर ई पी एन एस आहे ना? मग ती चांदीची नाही. तांबं, जस्त आणि निकेलच्या मिश्रधातूवर विजेनं चांदीचा मुलामा दिलेला आहे. एल्किंग्टन या इंग्रज कारखानदारानं या पद्धतीचं पेटंट १८४० साली घेतलं, त्यामुळे गाळणी त्यानंतरची. तिला कसोटीवर घासू देऊ नका, मुलामा निघेल. रोजच्या चहाला खुशाल वापरा.

आता मी केलेली चूक सांगतो. आजीचा असाच एक चमचा मी मंगळवार पेठेत एका दुकानात उजळायला दिला. आरशासारखा लखलखीत होऊन आला, पण सिंहाच्या जागी नुसता गुळगुळीत फुगवटा राहिला होता. अजून त्यावरून अंगठा फिरवला की वाईट वाटतं. म्हणून चिंच, राख, पॉलिश काही लावू नका. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब आणि मऊ सुती कापड पुरे. काळेपणा खाचांत राहिला तर उलट ठसे स्पष्ट दिसतात.

संध्याकाळी दिवे बंद करून मोबाइलचा टॉर्च बाजूनं, अगदी आडवा धरा आणि भिंगातून फोटो काढा. अक्षराची चौकट पूर्ण येऊ द्या, तिचे खालचे कोपरे विशेषतः. चिमट्याच्या दोन्ही पायांचे फोटो वेगवेगळे टाका.