सिंथेटिक ऑइल वापरलं म्हणून वॉरंटी गेली?

प्रश्न : मी मालवणजवळचा पारंपरिक मच्छीमार आहे. गेल्या वर्षी होडीसाठी १ लाख ८० हजारांना टू-स्ट्रोक आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून लावायचं) इंजिन घेतलं. वॉरंटी दोन वर्षांची. धूर फार यायचा, म्हणून पाच महिन्यांपूर्वी पेट्रोलमध्ये साध्या ऑइलऐवजी सिंथेटिक मिसळू लागलो. त्याआधी विक्रेत्याला व्हॉट्सॲपवर विचारलं होतं, त्याने ‘चालेल’ असं लिहिलं. गेल्या महिन्यात भर दर्यात इंजिन जाम झालं. त्याआधी इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची धार बारीक झाली होती. आता कंपनी म्हणते, ऑइल बदललंत, वॉरंटी संपली. इंजिन त्यांच्याच वर्कशॉपमध्ये आहे. काय करावं?

उत्तर : सगळ्यात आधी एक काम आजच करा. वर्कशॉपला ई-मेलने आणि स्पीड पोस्टने कळवा की तुम्ही हजर असल्याशिवाय इंजिन उघडायचं नाही, आणि उघडताना फोटो, व्हिडिओ घेतले जातील. या भांडणात तुमचा सगळ्यात मोठा साक्षीदार म्हणजे ते इंजिन. पिस्टन आणि रिंगा एकदा भंगारात गेल्या की उरतो तो त्यांनी लिहिलेला अहवाल, आणि तो खोडून काढायला तुमच्या हातात काहीच राहत नाही. त्यांनी आधीच उघडलं असेल तर सुटे भाग जपून ठेवण्याची मागणी लेखी करा.

आता ऑइलचं. ‘सिंथेटिक’ या एका शब्दावर कंपनी हटून बसली आहे, तुम्ही मात्र मॅन्युअल उघडा. पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक आउटबोर्डसाठी बहुतेक ठिकाणी ‘टीसी-डब्ल्यू३’ हा दर्जा सांगितलेला असतो. या दर्जाचं ऑइल साधंही मिळतं आणि सिंथेटिकही. तुमच्या डब्यावर ‘टीसी-डब्ल्यू३’ छापलेलं असेल आणि मॅन्युअलमध्येही तेच असेल, तर अट मोडली हे कंपनीचं म्हणणं टिकणं कठीण आहे. पण मोटरसायकलीचं ‘टूटी’ (टू-स्ट्रोक) ऑइल वापरलं असेल तर मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. ते हवेने थंड होणाऱ्या इंजिनासाठी असतं, त्यातल्या काही घटकांची राख होते, प्लगवर काजळी धरते, रिंगा चिकटतात. तसं असेल तर खटल्याआधी तडजोडीची बोलणी करा. म्हणून तो अर्धा उरलेला डबा फेकू नका. त्यावरचा बॅच नंबर दिसेल असा फोटो काढा, खरेदीची पावती शोधा.

दर्जा चुकला असला तरी कंपनीने एक पायरी चढावी असा आग्रह तुम्ही धरू शकता : बिघाड त्या ऑइलमुळेच झाला हे दाखवणं. पाण्याची धार बारीक झाली होती हे तुमचं वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. पाणी ओढणाऱ्या पंपाचा रबरी पंखा, म्हणजे इंपेलर, तुटला किंवा वाळूने मार्ग तुंबला तर इंजिन तापून जाम होतं, मग ऑइल कोणतंही असो. मात्र धार बारीक झाल्यावरही तुम्ही इंजिन चालवत राहिलात का, हा प्रश्न समोरचा वकील विचारणारच. उत्तर खरं द्या. इंपेलर झिजणारा भाग आहे, तो वॉरंटीत येत नाही, असंही ते म्हणतील. त्यासाठी वॉरंटी कार्डातलं कलम शब्दशः वाचून ठेवा.

‘धंद्यासाठी घेतलं, म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही’ हा बचावही येईल. त्याला घाबरू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चं कलम २(७) स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूत धरत नाही. लक्ष्मी इंजिनिअरिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितलं आहे की स्वतः काम करणाऱ्याने मदतीला एकदोन माणसं घेतली म्हणून त्याचं ग्राहकपण जात नाही. तुम्ही स्वतः होडीवर जाता हे शपथपत्रात स्पष्ट लिहा. होडी दुसऱ्याला चालवायला देऊन तुम्ही फक्त हिस्सा घेत असाल, तर मात्र चित्र बदलतं.

विक्रेत्याचा ‘चालेल’ हा मेसेज मूळ फोनमध्येच राहू द्या, फोन बदलू नका. तो पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या कायद्याच्या) कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागेल. तक्रारीत कंपनी आणि विक्रेता, दोघांनाही सामील करा, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवून कोणी सुटणार नाही.

आधी पंधरा दिवसांची नोटीस पाठवा. उत्तर आलं नाही तर सिंधुदुर्ग जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. तुम्ही जिथे राहता तिथे ती करता येते, कंपनीच्या शहरात जाण्याची गरज नाही. किंमत ५ लाखांच्या आत असल्याने फी शून्य. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं, पण इतके थांबू नका, इंजिन गंजेल. तक्रारीसोबतच ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८ खाली प्रयोगशाळेच्या तपासणीचा अर्ज द्या. तिचा खर्च आधी तुम्हाला भरावा लागेल.

हंगाम बुडू नये म्हणून भाड्याने इंजिन घेतलं असेल तर ते योग्यच केलंत. त्या पावत्या नुकसानभरपाईच्या मागणीत येतील. आणि वर्कशॉपला जाताना ओळखीचा जुना मेकॅनिक सोबत न्या. त्याला सगळ्यात आधी इंपेलर बघायला सांगा.