शिवण दिसली म्हणून फुलदाणी टाकू नका

प्रश्न : पोलंडमधल्या व्रोत्सवाफच्या जुन्या बाजारातून मधाच्या रंगाची काचेची फुलदाणी घेतली. विकणाऱ्याने ती पोलिश काच-रचनाकार ज्बिग्निएव होर्बोवी यांची म्हणून दिली. घरी आणल्यावर बाहेरून दोन उभ्या शिवणी दिसल्या. तळाला सही नाही, आत पांढुरका थर आहे. मी फसलो का?

उत्तर : नावाच्या बाबतीत बहुधा हो. फुलदाणीच्या बाबतीत, मला नाही वाटत.

सही नाही याची काळजी सोडा. होर्बोवींच्या काळची पुष्कळशी पोलिश काच कागदी चिठ्ठी लावूनच कारखान्याबाहेर पडे, आणि चिठ्ठी धुण्यात जाई. शिवण म्हणजे साच्याचे भाग जुळतात तिथली रेषा; काच साच्यात घडली एवढंच ती सांगते, दाबून की फुंकून ते नाही. ते कळायला आत हात घाला. बाहेर नक्षी उठावाची आणि आत बोटांना सगळं गुळगुळीत लागलं, तर ती दाबीव काच. साच्यात वितळलेली काच घालून वरून दट्ट्या दाबतात. तो जिथे टेकतो ती बाजू सपाट राहते. साच्यात फुंकलेली असेल, तर बाहेरचा प्रत्येक उंचवटा आत खळगा होऊन बोटाला लागतो. शिवाय दट्ट्या परत वर निघायला हवा, म्हणून दाबीव फुलदाणीचं पोट तोंडापेक्षा रुंद नसतं. मी अंधारात डोळे मिटूनही हेच करते. बोटं सहसा चुकत नाहीत.

होर्बोवी (१९३५–२०१९) यांची ओळख आहे ती फुंकलेल्या, जाड बुडाच्या, धुरकट रंगांच्या काचेसाठी. श्चित्ना इथल्या सुदेती कारखान्यात त्यांनी बरंच काम केलं. दाबीव काचेत मात्र यान सिल्वेस्टर द्रोस्त आणि एरिका त्शेविक-द्रोस्त या पती-पत्नीची नावं आधी घ्यावीत. झोंबकोवित्सेच्या कारखान्यात त्यांनी १९६० आणि १९७० च्या दशकांत साध्या घरांतल्या टेबलांसाठी जे नमुने केले, ते मला कुठल्याही महागड्या काचेइतकेच जवळचे आहेत. तुमची फुलदाणी त्यांची आहे असं नुसत्या पत्रावरून म्हणवत नाही. कारखान्याच्या छापील सूचीतल्या नमुन्यांशी उंची, तोंडाची रुंदी आणि नक्षीची आवर्तनं मोजून ताडून पाहा. विकणाऱ्याकडून होर्बोवींच्या नावाची किंमत घेतली गेली असेल, तर फरक जरूर मागा.

पांढुरका थर बहुतेक वेळा पाण्यातल्या क्षारांचा असतो. कोमट पाण्यात व्हिनेगर मिसळून रात्रभर ठेवा, सकाळी मऊ ब्रशने फिरवा. तरीही ढगाळपणा राहिला, तर काच स्वतःच झिजली आहे. मग घासत बसू नका, आणि यापुढे तिच्यात पाणी साठू देऊ नका.